केरबाचा ब्रेक

लालासाहेब : सांगतो, पर कुणाचा इश्वास बसायचा न्हाई. मी जोडलेल्या ब्रेकवर एक गडी आसा थांबला, आसा थांबला, की त्याची सावली तशीच फुडं उताराला निघून गेली.

महावीर : सावली.

लालासाहेब : व्हय. पाटणात पोचली. स्टँडवर च्याच्या गाड्याला घटकाभर टेकली आन् ऊन कलल्यावर माघारी आली.

महावीर : लालासाहेब, ऊन कललं की सावली लांबते. माघारी येत नाही. आणि तो ग्राइंडर आधी खाली ठेवा. सांगलीहून डिस्क ब्रेकचं सामान मांडीवर घेऊन एसटीनं साताऱ्याला आलो, ते गोष्टी ऐकायला नाही.

शिवांजली : ऐकू द्या ओ काका. आमच्या आबांचं हात गोष्टीवरच चालत्यात.

महावीर : उलटे चालतायत. सकाळपासून दोनदा तो कान, म्हणजे ब्रेक बसवायची पट्टी, सायकलच्या मागच्या चिमट्याला पितळ वितळवून जोडला. दोनदा हातोडा मारून बघितला, दोन्ही वेळा ठणठणीत वाजला. तरी दोन्ही वेळा यांनीच घासून काढला. लोखंड किती वेळा तापवायचं?

लालासाहेब : पहिल्या वक्ताला पितळ झोपंत हुतं, शेठ. सांध्यात नीट शिरलंच न्हाई. कूस बदलून पडलं.

महावीर : पितळ झोपत नाही. वितळतं आणि गोठतं.

लालासाहेब : तुमच्या सांगलीचं न्हाई झोपत. दुकानातलं जागरूक पितळ ते.

शिवांजली : आवं आबा, दोन भोकांची एक पट्टी. तिच्यावर ब्रेक बसवायचा, झालं. सोमवारी मला पोस्टात हजर व्हायचंय. पाटणच्या वर, डोंगरात. टपालाची पिशवी मागं बांधून रोज सात किलोमीटर उतार हाय मला.

महावीर : आणि रबराचे ब्रेक?

शिवांजली : कोरड्यात बरं हाय. वल्ल्यात नुसतं चाक कुरवाळत्यात. परवा रस्ता बघायला गेले, तर एका वळणाला पाय घासत थांबले. चपलीचा तळ गेला. म्हणून तर तुमच्याकडनं डिस्क मागवली.

लालासाहेब : केरबाला बी हीच हाऊस.

शिवांजली : कोण केरबा?

लालासाहेब : आमच्या पलटणीतला. सावलीवाला. पेन्शनीत आला आन् कवठे महांकाळला गावी जाऊन बसला. तिकडं काय, माळच माळ. सायकल मारायची म्हंजे नुसतं पायडल. मला म्हणायचा, लाला, उभ्या जन्मात मला एक चांगला मोठा उतार दे.

महावीर : दुसरं काहीतरी सांगा, लालासाहेब. लेहचं सांगा. ते डोळ्यातलं पाणी गोठलेलं खेचर.

शिवांजली : खेचर मी धा वेळा ऐकलंय. केरबा कधीच न्हाई. मग, आबा?

लालासाहेब : मग काय. ह्याच पायरीवर बसून त्याच्या सायकलीला कान जोडला. ह्याच हातानं. हातोडा मारला, देवळातल्या घंटंगत वाजला. दुसऱ्या दिशी गडी निघाला. तुज्याच रस्त्यानं बघ, वरनं खाली. धुकं आसं की सोताचं हँडल दिसंना.

शिवांजली : आणि?

लालासाहेब : वळणावर म्हशी आडव्या आल्या. केरबानं दोन बोटांनी ब्रेक दाबला. दोनच बोटं. चाक थांबलं. म्हशी थांबल्या, शेपट्या हवेत तशाच. धुकं थांबलं, पिंजल्याल्या कापसागत. खाली कोयना वाहती ना, तिचा आवाज बी थांबला. केरबा म्हणाला, लय ग्वाड हाय हितं. आन् ऱ्हायला की तिथंच.

शिवांजली : ऱ्हायला म्हंजे?

लालासाहेब : अजून हाय. एक पाय भुईला, एक पायडलवर. हँडलावर रानवेल चढलीया, निळी फुलं येत्यात. यष्टीवालं त्या वळणाला लाईट बारीक करत्यात, त्याची झोपमोड नगं म्हणून. त्याची बायको, बनुबाई, दर साली एकदा जाती. सायकलची घंटी पदरानं पुसती आन् परत येती.

शिवांजली : म्हातारं झालं आसंल आता.

लालासाहेब : न्हाई. वय बी थांबलं त्याचं. आठ वर्सं झाली, एक केस पिकला न्हाई.

(महावीर उठून गॅसची कळ बंद करतात.)

शिवांजली : काका, गॅस का बंद केला?

महावीर : वास येत होता.

शिवांजली : मला न्हाई आला.

महावीर : येत होता थोडासा.

शिवांजली : बरं. एक इचारू? सावली माघारी आली म्हटल्यावर तुमी आडवं गेलात. पितळ झोपलं म्हटल्यावर बी गेलात. तुमाला साधी थाप खपत न्हाई. आन् आठ वर्सं धुक्यात उभा असल्याला माणूस तुमाला चालला?

महावीर : धुकं असतं त्या घाटात.

लालासाहेब : बघ, शेठ बी म्हंत्यात. आता ती पट्टी सरळ धर पोरी. चकती आन् ब्रेकच्या मधी पोस्टकार्ड जाईल एवढी फट ठेव. परत एकडाव जोडतो. न्हाई पटलं तर घासू. घाई काय हाय.

शिवांजली : सोमवारची हाय.

लालासाहेब : सोमवार बी थांबतोय आपल्यासाठी. केरबाच्या टायमाला तर...

शिवांजली : हातोडा द्या हिकडं. हात लय कापतोय तुमचा.

लालासाहेब : पितळ तापलं की कापतुया. सवय हाय त्याची.

शिवांजली : गॅस बंद हाय, आबा. काय बी तापलेलं न्हाई.

लालासाहेब : मग वारं आसंल.

शिवांजली : आबा, तवा त्याच्या सायकलीचा कान निसटला. केरबा त्या वळणावर थांबलाच न्हाई.