भिडूच्या हातावर बोललेला डबल

वहिनी, अध्यक्षसाहेब आणि जमलेली सगळी मंडळी, मला नीट बोलता येईल याची खात्री नाही. अकोल्याहून निघताना आबासाहेबांच्या या शोकसभेत मागच्या बाकावर बसून नुसतं ऐकायचं ठरवलं होतं. पण मी त्यांचा भिडू. भिडूनं मागे बसलेलं त्यांना कधी चाललं नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांना त्यांची वलगावची शेती ठाऊक, संत्र्यांची बाग ठाऊक. मला ठाऊक तो या क्लबातल्या ब्रिजच्या टेबलावरचा माणूस. माझी बायको गेली तेव्हाची गोष्ट. मी कोर्टात लागेल तेवढंच बोलायचो, घरी तेवढंही नाही. आबासाहेबांनी निरोप धाडला, रविवारी या, चौथा गडी कमी पडतो आहे. गडी कमी नव्हताच, हे मला फार उशिरा कळलं.

ज्यांना हा खेळ येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विरुद्ध जोडीतल्या एकानं एखादा रंग बोलला आणि आपण 'डबल' म्हटलं, की त्याचा अर्थ असा: भिडू, हा रंग सोडून तुझा चांगला रंग सांग. मग भिडूला बोलावंच लागतं. हात रिकामा असला तरी बोलावं लागतं. म्हणून शहाणी माणसं भारी पानं असल्याशिवाय डबल देत नाहीत. आबासाहेब द्यायचे. हलक्या हातावर द्यायचे.

एकदा नागपूरचे दोन साहेब समोर होते. एक म्हणाला, 'एक बदाम.' मी पास. दुसरा साहेबही पास. आता आबासाहेब पास म्हणाले की बोली संपली. त्यांच्याकडे एक एक्का, एक राजा, एक गुलाम आणि बदामाचं एकच पान. म्हणाले, 'डबल.' मी कसंबसं 'एक इस्पिक' म्हटलं, आणि तो डाव आम्ही जिंकलो. नंतर मी विचारलं, एवढ्याशा हातावर कसं बोललात?

ते म्हणाले, "ते दोघं खालीच थांबले, तुमी गप्प. मंग बाकीची चित्राची पानं काय बडनेऱ्याच्या गाडीनं गेली? तुमच्यापाशीच असतीन. मी माया हातावर नाई बोललो वकीलसाहेब, तुमच्या हातावर बोललो."

मंडळी, त्या दिवसांत माझ्या हातात काही उरलं आहे असं मलासुद्धा वाटत नव्हतं.

बेफिकीर होते का ते? मुळीच नाही. समोरच्यांचा रंग हातात भरलेला असला, तर गप्प. समोरचे बोली चढवत चालले असले, तर गप्प. तरीही आम्ही कितीदा आपटलो. आपटलो की ते एक संत्रं सोलून माझ्यापुढे ठेवायचे आणि पुढच्या डावाचे पत्ते मागायचे.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. त्याच म्हणाल्या, "टेबल मोडू नका. त्याईच्या जागी मी बसते. त्याईनंच शिकवलं मले."

आपल्या क्लबात बायका त्या टेबलाशी बसत नाहीत. नियम कुठे लिहिलेला नाही, पण बसत नाहीत. वहिनींनी हे मागायला किती धीर एकवटला असेल, याचा विचार करा. आणि त्या खुर्चीवर त्या बसल्या नाहीत, तर मीही रविवारी अकोल्याहून निघायचा नाही. पुन्हा घरात गप्प बसेन. मला ते नको आहे.

अध्यक्षसाहेब, मी बाहेरगावचा सभासद. माझ्या शब्दाला इथे वजन नाही. हात अगदी हलका आहे. तरी मागतो, येत्या रविवारी आबासाहेबांच्या खुर्चीवर वहिनी बसाव्यात. तुम्ही सगळे गप्प आहात. मी तुमच्या हातावर बोलतो आहे.

आता आपण उभे राहू. थोडा वेळ स्तब्ध राहून आबासाहेबांना नमस्कार करू. आणि मंडळी, शांतता संपली की मग तुम्हाला बोलावंच लागेल.