रविवारी जन्मलेली

(मॅसॅच्युसेट्स, १६७२. उपासनागृहालगतची खोली. जरूशाच्या मांडीवर तिची आणि नवरा एनॉकची अकरा आठवड्यांची मुलगी. शेजारी सुईण हल्डा, समोर पाळक.)

हल्डा : जन्मली तेव्हा नखं बोटांच्या टोकांपर्यंत पोचली नव्हती. तीन आठवडे तरी आधी आली पोर. तेव्हा तुमचं चाळीस आठवडे मागे मोजणं तुमच्यापाशीच ठेवा.

पाळक : हल्डाबाई, मूल ज्या वारी गर्भात येतं, त्याच वारी जन्मतं. ही रविवारी जन्मली. प्रभूच्या दिवशी नवराबायकोला संयम राहिला नाही, दुसरं काय?

हल्डा : रविवारी तुम्ही घेवडे जेवता ना? प्रभूच्या दिवशी रांधायचं नाही, म्हणून शनिवारीच भट्टीत ठेवलेले? का भांडं रविवारी काढलं, म्हणून चूलही रविवारीच पेटली?

पाळक : थट्टा पुरे. जरूशा, मंडळीसमोर उभं राहून पाप कबूल करायचं, की त्याच दिवशी बाप्तिस्मा. अकरा रविवार वाट पाहतोय मी.

जरूशा : तुम्ही मोजता त्या रविवारी एनॉक मासेमारीच्या होडीवर होता. पहिल्याच दिवशी सांगितलं मी.

पाळक : आणि मी विचारलं, मग मूल कुणाचं?

हल्डा : जीभ कशी झडत नाही तुमची!

जरूशा : थांबा, मावशी. तो प्रश्न एनॉकच्या कानावर गेला, पाळकसाहेब. म्हणून तो काल तुमच्याकडे आला.

पाळक : आला. त्या रविवारी आपण घरीच होतो, असं कबूल केलं. मी लिहून घेतलं.

जरूशा : होडीवर सहाजण होते. त्यांत तुमचे मेहुणे. तुम्हाला ठाऊक होतं.

पाळक : कबुली ही कबुली असते. आता तू नाही म्हणालीस, तर तुझा नवरा खोटा ठरेल.

जरूशा : खोटं बोललाच आहे तो. माझी अब्रू वाचवायला, तुमच्यापासून. काल परतल्यापासून माझ्या नजरेला नजर देत नाही.

हल्डा : पोरी, माझं ऐक. मीही चिडलेय. पण दोन शब्द बोल आणि मोकळी हो. लेकरू अशक्त आहे. बाप्तिस्म्याविना गेलं, तर जन्मभर रडशील.

जरूशा : रडेन, मावशी.

पाळक : बघ, मावशीलाही कळतं. मग? येत्या रविवारी उभी राहतेस?

जरूशा : नाही. तिचा बाप्तिस्मा राहू दे.