ट्विचेलने निगा राखली होती

आदरणीय अध्यक्ष लॉरिंगसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, न्यू लंडनच्या पाणीपुरवठा खात्यातील बंधुभगिनींनो, आजचे सत्कारमूर्ती एल्मर ट्विचेल आणि त्यांच्या पत्नी बर्निसबाई,

सतरा वर्षं एल्मरने तुमचे पंप कसे सांभाळले, ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. युद्धात मी त्याच्या पाणबुडीचा कॅप्टन होतो. त्या वेळचं थोडं बोलतो. गुडघे साथ देत नाहीत, बसून बोललो तर चालेल ना?

एकोणीसशे त्रेचाळीसचा उन्हाळा. पॅसिफिकमध्ये एक जपानी तेलवाहू जहाज अगदी आडवं समोर आलं. आम्ही चार टॉर्पेडो सोडले. चारही लागले, लोखंडावर आदळल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. फुटला मात्र एकही नाही. मग त्यांची गस्तीनौका नऊ तास आमच्यावर स्फोटकं टाकत राहिली. आमचा स्वयंपाकी डफी त्यात कायमचा बहिरा झाला.

टॉर्पेडो एल्मरच्या ताब्यात असत. तो म्हणाला, "कॅप्टन, सरळ आदळला की आतली स्फोट घडवणारी पिन वाकत असणार. पुढचा जरा तिरका मारून बघू या."

मी म्हणालो, "तू तेलपाणी बघ. नेमाचं मी बघतो."

बंदरात वरिष्ठांनी ऐकवलं, टॉर्पेडो उत्तम आहेत, तुमच्याच माणसांनी निगा राखली नाही. एल्मर प्रत्येक टॉर्पेडो स्वतः उघडून तपासतो, हे मला ठाऊक होतं. तरी निगा राखली नाही, असं लिहिलेल्या अहवालावर मी सही केली. का केली? दमलो होतो, आणि पाणबुडी हातची जाऊ द्यायची नव्हती. एल्मरचा हुद्दा उतरवून त्याला गोदामात धाडलं.

काही महिन्यांनी चाचण्या झाल्या. पिन खरोखरच वाकत होती. ती बदलली गेली. अहवाल कुणी बदलला नाही. मीही नाही.

गेल्या महिन्यात एल्मरकडे गेलो. बर्निसबाई कॉफी ठेवून अंगणात निघून गेल्या.

"तुझा हुद्दा परत द्या, असं नौदलाला लिहिलंय," मी म्हणालो.

"वीस वर्षांनी?"

"हो."

"डफीला कळवलंत?"

"डफी वारला, एल्मर. शेवटपर्यंत तुलाच बोल लावत होता."

त्याने कप बाजूला सारला. मग म्हणाला, "मग ते पत्र कुणासाठी?"

ते पत्र पुरेसं नव्हतं. म्हणून आज सर्वांसमोर सांगतो: एल्मरच्या कामात काडीची चूक नव्हती.

खात्याचे आभार, आणि मला बोलवायला हरकत घेतली नाही म्हणून बर्निसबाईंचेही. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेने सांभाळून घ्यावं. त्या सहीची क्षमा सभेकडे मागत नाही. ती एल्मरकडे मागतो, आणि त्याने ती दिलीच पाहिजे असं नाही.