शेंगापोळी पहिल्यांदा कुणी केली

शेंगापोळीचा विषय निघालाय म्हणून सांगतो. बहात्तरचा दुष्काळ सरला, तेव्हा मी सोलापुरात शाळामास्तर होतो. शाळेच्या अंकासाठी या पोळीचा इतिहास लिहायला घेतला आणि शेजारच्या म्हाताऱ्या गंगव्वांना विचारलं, “ही पहिल्यांदा कुणी केली?”

“ते मला काय म्हाईत, मास्तर? आमच्या घरात मी केली. पोरं ल्हान होती. सणाला पुरणपोळी मागत होती अन् घरात डाळ न्हवती. मग शेंगदाणे कुटले, गूळ घातला, तेच भरलं.”

“पोरांना कळलं नाही?”

“थोरलीला कळलं की. एक घास खाऊन तिनं माझ्याकडं बघितलं. मग धाकट्यांना म्हणाली, ‘आईचं पुरण लई चांगलं झालंय.’”

अंकात मी इतिहास दिला नाही. त्या थोरलीबद्दल लिहिलं.