पंडितजीची माफी

आमच्या भिलाईचे पंडितजी आधी फौजेत, पलटणीचे धर्मगुरू होते. तिथं मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च एकाच छताखाली अन् चारही प्रार्थना हेच घेत. रिटायर होऊन भिलाईले आले, तवा कुठं त्याइले समजलं का आपला धर्म खतऱ्यात हाये! पार्टीनं लगेच तिकीट देलं.

सेक्टर टूच्या सभेत तासभर दुसऱ्या धर्माइले शिव्या देल्या. शेवटी सावधान उभे राहिले अन् पलटणीच्या सवयीनं चारही धर्माचे जयकारे लावून बसले!

अध्यक्ष धावला, "पंडितजी, माफी मांगिए!"

मांगली बिचाऱ्यानं.

बाजूचे रामटेके काका मले म्हणे, "त्या तासभराची मांगली काय रे?"

"नाही काका, शेवटच्या मिनिटाची."