काचेवर दोन टिचक्या

अहो, सहा वेळा! एकच सिनेमा, तोच हीरो, आवाजापेक्षा जोरात पळणारं तेच विमान, सहाही वेळा तसंच कोसळतं... आणि आमची बायको डोरीन सहाही वेळा रुमाल भिजवून घरी येते! तुम्हाला सांगतो, मी जळत नाहीये हं. बावीस वर्षं विमानांची इंजिनं खोलून बसवली, खऱ्या वैमानिकांवर कधी जळलो नाही, तर तोंडाला पावडर फासलेल्या त्या ज्युलियन हॅरोबीवर जळू?

गेल्या उन्हाळ्यात शूटिंग आमच्याच विमानतळावर झालं ना! विमान आमचं, हँगर आमचं, गवतसुद्धा आमचं, हीरो तेवढा लंडनचा. आला, शिडी चढला, आत बसला... इंजिन बंद, चाकांना लाकडी ठोकळे, आणि हा पांढराफटक! "मला गरगरतंय, कुणीतरी चहा आणा!" हात असे लटलट कापतायत. दिग्दर्शक डोकं धरून बसला. तेवढ्यात त्याला मी दिसलो. "अहो विल्फ, हात दाखवा बघू. जरा धुऊन या!" रॉकेलनं घासले, साबणानं घासले, वर त्या मेकअपवालीनं नखांना... जाऊ दे, बोलत नाही. मी म्हटलं, साहेब, वैमानिक हातमोजे घालतो. तर म्हणे, "बायकांना हात दिसले पाहिजेत!"

बसलो आत, कॅमेरा फक्त माझ्या हातांवर. काम काय, तर उंचीचा काटा बघायचा आणि दांडा पुढे ढकलायचा. आता आम्हा फिटर लोकांची खोड... काटा वाचायच्या आधी काचेवर दोन टिचक्या, अडकला असला तर सुटतो. सवयीनं मारल्या. दिग्दर्शक ओरडला, "वा! हेच ठेवा!"

आणि आमच्या घरी काय? दाराशी हवामानाचा काटा, म्हणजे बॅरोमीटर, टांगलाय, सासऱ्यांनी दिलेला. रोज सकाळी मी त्यावर दोन टिचक्या मारतो आणि रोज सकाळी, चौदा वर्षं, स्वयंपाकघरातून हाक, "विल्फ! बाबांची काच फोडशील!" आणि तीच बाई परवा शेजारच्या मिसेस पोर्टरला सांगते, "अगं, मरायच्या आधी तो काचेवर हळूच टिचक्या मारतो ना... काय ती बोटं! असा हात एकदा तरी..." पुढचं मला ऐकवेना. मी जळत नाहीये हं. टोस्ट तसाच टाकून उठलो, एवढंच.

शेवटी सांगून टाकलं. "डोरीन, ते हात माझे आहेत." हसली! अशी हसली, अशी हसली, की मिसेस पोर्टर काय झालं म्हणून कुंपणापाशी धावली! "तुझे? विल्फ, तुझ्या नखांत काळं असतं रे!"

म्हटलं, चल, सातव्यांदा. दोघं जाऊ, दाखवतोच. गेलो शनिवारी. तो सीन आला, मी तिच्या कानाशी, "अंगठा बघ, अंगठा, माझाच..." "श्श!" वाजल्या दोन टिचक्या... आणि अंधारात तिनं माझा हात धरला! घट्ट! लग्नात पाद्र्यासमोरसुद्धा एवढा घट्ट धरला नव्हता! मी म्हटलं, पटलं! ओळखला बाईनं! माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आणि ती हुंदका देऊन म्हणते काय... "ज्युलियन!"

आता बोला! पडद्यावर हात माझा, तिच्या मुठीत हात माझा, आणि नाव त्याचं! सोडवून घ्यायला हवा होता, नाही? नाही घेतला हो. इतक्या वर्षांनी धरला होता...

येत्या शनिवारी आठव्यांदा जातोय. तिकिटं मीच काढलीत.