हमीद मिस्त्रींचं नाव त्या भिंतीवर नको

जमलेल्या बायांनो, बाप्यांनो, आन पुढं बसलेल्या जरीनाभाभी,

मला बोलता येत न्हाई, हे आधीच सांगते. मी चंद्रकला. हमीद मिस्त्रींच्या हाताखाली सव्वीस वर्षं घमेलं उचललं. डोक्यावर वजन असलं की माझी मान सरळ राहती. आज हातात नुसता माईक हाय तर तो कसा धरावा ते कळंना. मागच्या जुम्याला मिस्त्री गेले. छातीत दुखलं आन सिरसाळ्याच्या दवाखान्यात न्यायच्या आतच संपलं. तवापासून मी रडले न्हाई. कावून म्हनाल, तर मला राग आलाय. अशा सभेत राग करू नये म्हनत्यात. मी करनार हाय.

राग मिस्त्रींवर न्हाई. माझ्या आधी जे बोलनं झालं त्याच्यावर हाय. अण्णा, तुमी गावाचे मोठे. बोलताना तुमच्या डोळ्यात पानी आलं, ते खोटं न्हवतं, मला ठाऊक हाय. पन शेवटी काय म्हनलात? गावाचा हॉल दोन वर्षं कुलपात पडलाय, त्याला हमीद मिस्त्रींचं नाव देऊ, सोमवारी उघडू, अंगनवाडीची लेकरं तिथं बसवू. हीच त्यांना श्रद्धांजली. समद्यांनी माना डोलावल्या. मी न्हाई डोलावली.

आवो, त्या हॉलला कुलूप कुनी लावायला लावलं? मिस्त्रींनीच ना? मग मानूस मातीत जाऊन आठ दिस न्हाई झाले, आन तुमी त्याच्याच नावानं ते कुलूप काढताय?

मिस्त्री कोन होते ते तुमाला सांगायला नको, तरी सांगते. आपल्याकडं भूकंप झाला तवापासून भिंतीवर केसाएवढी रेघ दिसली तरी मानसाला घाम फुटतो. मग बोलवा मिस्त्रींना. आपल्या गुरुजींचंच घ्या. नवं घर, पहिल्याच उन्हाळ्यात भिंतीला चिरा. कुनीतरी शहाना येऊन म्हनला, वास्तू बिघडली, ही भिंत पाडा. गुरुजींच्या बाईंनी तर भांडी बांधून ठिवलती. मिस्त्री गेले, मी मागं होते. बोटाच्या पेरानं भिंत वाजवली. बदबद आवाज. म्हनले, "गुरुजी, हे पिलास्टर सुटलंय, भिंत न्हाई. चला, भाईरून बघू." भाईरून भिंत साफ. मग हसले. "घर नवं हाय, बसतंय. नवी सून बी सालभर भांडी आपटती, मग रुळती. तिला काय कुनी पाडतं का?"

मी म्हनलं, मिस्त्री, सुनेवर कावून जाता? तर म्हनले, "बरं बाई, सासू म्हन."

तरी त्यांनी काच लावलीच. बोटभर रुंद काचेची पट्टी, चिरेवर आडवी, दोन्ही टोकं सिमिटात बसवलेली, बाजूला खिळ्यानं तारीख. भिंत थांबली असंल तर काच शाबूत. भिंत सरकत असंल तर काच तडकती. होळीला लावली, दिवाळीला जाऊन बघितली. शाबूत. गुरुजी आजबी त्याच घरात राहत्यात. ते बघा, त्या तिकडं बसलेत.

आन एक घर वेगळं होतं. नाव घेत न्हाई, ती बाई हितंच बसलीय. पोरीला बघायला पाव्हने येनार म्हनून तिनं चीर रंगाऱ्याची लांबी भरून बुजवली, वर गुलाबी रंग दिला, आन मिस्त्रींची काच वंगाळ दिसती म्हनून उपटून टाकली. पाव्हन्यांना घर पसंत पडलं, पोरबी पसंत पडली. आन हळदीच्या दिवशी दार लागंना! मिस्त्री आले. रंगाकडं बघितलंबी न्हाई. पहिला सवाल, "मोरीचं पानी कुठं जातंय?" पानी जात होतं सरळ घराच्या पायात, सालोसाल. त्यांनी पानी तोडलं, पाया बांधून घेतला, घर वाचलं. तवा त्या बाईला म्हनले, "मावशी, आजाऱ्याच्या तोंडाला पावडर लावली म्हनून ताप उतरत न्हाई."

आता हॉलचं सांगते. त्याच्यासाठीच उभी राहिले.

पाया खांदताना मी होते. एका अंगाला दीड हातावर मुरूम लागला. दुसऱ्या अंगाला, वढ्याकडं, पाच हात गेलं तरी काळीच. काळी माती पावसात फुगती आन उन्हात फाटती, हे आपल्या गावात कुनाला शिकवायला लागत न्हाई. मिस्त्री म्हनले, मुरूम लागूस्तर खाली जाऊ. पन उद्घाटनाची तारीख ठरलती. मंडपवाल्याला सांगून झालतं. अण्णा, तुमी खड्ड्याच्या काठावर उभं राहून म्हनलात, "मिस्त्री, बास झालं. भरा आता."

आन मिस्त्री म्हनले, "बरं."

सव्वीस वर्षांत त्यांची चूक मी एकच बघितली. ती ही. हे एक "बरं".

आन माझीबी सांगते, मी काय धुतल्या तांदळाची न्हाई. त्या दिवशी घोट्यापर्यंत माझे पाय काळीनं माखलते. मला दिसत होतं. मी म्हनलं, आपन बिगारी बाई, आपल्याला कोन विचारतंय? आन घमेलं उचललं. ते मला अजून बोचतंय. म्हनून आज न विचारता बोलतेय.

पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्याला चीर आली. लोक म्हनले, नवं हाय, बसतंय. मिस्त्रींचं वाक्य मिस्त्रींनाच ऐकवलं! त्यांनी पेरानं वाजवलं. आवाज टनटनीत, पिलास्टर सुटलेलं न्हाई. भाईर गेले. भाईरबी त्याच जागी चीर. विटांच्या सांध्यातून पायऱ्या पायऱ्यानं वर चढलेली, खाली बारीक, वर रुंद. आगपेटीतली काडी काढून घातली, ती गुलासकट आत गेली. मिस्त्री तिथंच उकिडवे बसले. मला म्हनले, "बाई, हे बसनं न्हाई. कोपरा चाललाय."

तरी उतावीळपना केला न्हाई. तीन काचा लावल्या पोळ्याला. दसऱ्यापर्यंत दोन तडकल्या. तिसरी संक्रांतीला.

मग ती ग्रामसभा. तुमी समदे होता. मिस्त्री उठले आन म्हनले, "हे काम माझं हाय. हे काम वाईट हाय. ह्याच्याखाली लेकरू बसवू नका. एक तर पाया उकरून मुरुमावर न्या, नायतर पाडा. तवर कुलूप लावा." त्यांनी त्या दिवशी तुमचं नाव घेतलं का, अण्णा? न्हाई घेतलं. मंडपाचं बोलले का? न्हाई बोलले. समदं आपल्या अंगावर घेतलं.

घरी जाताना मी इचारलं, मिस्त्री, एवढं कावून बोललात? तर म्हनले, "बाई, दुसऱ्याच्या घराचं खरं सांगताना जीभ कधी अडली न्हाई. आज अडलती. म्हनून तर बोलायला लागलं."

आन आपन काय केलं? आपन म्हनलं, जो स्वतःच्याच कामाला नावं ठिवतो तो आपलं काय बांधनार! गावानं काम देनं बंद केलं. ह्या वयात मानूस तालुक्याला जाऊन दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली विटा लावत होता. हे काय मी कुनाच्या तोंडून ऐकलेलं न्हाई. मी त्यांच्यासंगं जात होते. मिस्त्रींच्या घरून जरीनाभाभी डबा द्यायच्या, दोघांचा. मिस्त्री एका शब्दानं कधी म्हनले न्हाईत की गाव वाईट हाय. मला लई वाटायचं म्हनावं. न्हाईच म्हनले.

आता म्हनत्यात, तालुक्याचे बांधकामाचे साहेब येऊन बघून गेले. साहेब म्हनले, नॉर्मल हाय, घाबरायचं कारन न्हाई. माझा साहेबांना एकच सवाल. भिंत वाजवली का? भाईरून फिरलात का? काच लावून एक पावसाळा थांबलात का? न्हाई. चहा पिऊन गेलात. आन परवा तिथं लांबी भरून रंग दिला. रंगारी आत होते तवा मी जाऊन बघून आले. पिवळा रंग हाय, चांगला दिसतोय. पन दाराला खांदा लावल्याबिगर ते उघडत न्हाई. रंग दिला म्हनून दार फसतंय का, अण्णा? चौकट वाकडी झालीय म्हनून फसतंय.

माझी नात त्या अंगनवाडीत हाय. चार वर्षांची हाय. सोमवारी तिला तुमी त्या कोपऱ्यात बसवनार, तांदूळ-मुगाची खिचडी देनार, आन वर पाटी असनार, हमीद मिस्त्री सभागृह. उद्या कायबी झालं तर लोक काय म्हनतील? अण्णाचा हॉल पडला म्हनतील? न्हाई. हमीद मिस्त्रीचा हॉल पडला म्हनतील. जित्या मानसाचं काम घेतलं, मेल्यावर नावबी घेनार? मी हे होऊ देनार न्हाई. सोमवारी मी दारात बसनार. मला उचलून बाजूला करावं लागंल, आन सव्वीस वर्षं वजन उचलून मीबी हलकी राहिले न्हाई.

मिस्त्रींना हॉल नको, पाटी नको. त्यांनी समद्या जन्मात लोकांना दोनच गोष्टी सांगितल्या. उगं भिऊ नका. आन खरं असंल तवा लपवू नका. गुरुजींचं घर वाचवलं तेबी खरं बोलून, आन स्वतःचा हॉल बंद केला तोबी खरं बोलूनच.

आता दोन मिनिटं शांत उभं राहायची रीत हाय. दर सभेत आपन उभे राहतो, पोरं मोबाईल बघत्यात, आन बसतो. आज तसं करू नका, तुमच्या पाया पडते. आज ज्याला वाटतं की त्या हॉलचं कुलूप निघू नये, पाया दुरुस्त होईस्तर एकबी लेकरू आत जाऊ नये, त्यानंच उभं राहावं. ज्याला वाटतं हॉल उघडावा, त्यानं खुशाल बसून राहावं. मी त्याला नाव ठिवनार न्हाई. पन खोटं उभं राहू नका. मिस्त्रींसाठी तरी न्हाई.

जरीनाभाभी उठल्या.

गुरुजी, हळू, काठी घ्या. उठले.

त्या गुलाबी घराच्या मावशीबी उठल्या. बाया उठल्या. मागची मानसं उठली.

मिस्त्री, आमचा सलाम घ्या. ह्या गावानं तुमाला द्यायला लई उशीर केला.

अण्णा, समदे उभे हायत. आमी तुमच्यासाठी थांबलोय.